वागिनोच्या मशिनीची अंघोळ

आमच्या कारांगदुवेत गावात एखाद्या परक्या माणसानं वागिनोला विचारलं, "कांग, शेतीबिती किती तुमची?" की तो खाकरून सांगतो, "शेती न्हाई. मशीन हाय." ऐकणाऱ्याला वाटतं, भाताची गिरणी असेल. पण ती गिरणी नव्हे. शाळेसमोरच्या त्याच्या दुकानातलं झेरॉक्सचं धूडही नव्हे. त्या धुडाचं वागिनोला काडीचं कौतुक नाही. कागद अडकला की तो त्याला गुडघ्यानं ढोसतो आणि त्याच्या खानदानाचा उद्धार करतो. त्याची मशीन म्हणजे घरातल्या मधल्या खोलीत, खिडकीच्या झळीपासून लांब, सागवानी टेबलावर, बायकोच्या जुन्या बाटिकखाली झाकून ठेवलेला कॉम्प्युटर. पुढून लहान, मागून ढेरी सुटलेला, हिरव्या अक्षरांचा. आजकालच्या पोरांना ती मासे ठेवायची पेटी वाटते.

वागिनोचा आज्जा साखर कारखान्याच्या उसाला तोडीला जायचा. बाप तंबाखूच्या रानात मजुरीला. आमच्याकडं बाजाराचे पाच वार, त्यातल्या वागेच्या दिवशी जन्मला म्हणून पोराचं नाव वागिनो. नाव ठेवायलाही घरात कुणी डोकं शिणवलं नाही. मिसरूड फुटायच्या सुमाराला तो जोग्या शहरात गेला आणि कॉलेजच्या गल्लीत एका टायपिंगच्या दुकानात झाडलोटीला लागला. कॉलेजची पोरं हातानं खरडलेले गठ्ठे आणायची, दुकानातल्या मुली ते कॉम्प्युटरवर उतरवून द्यायच्या. वागिनो झाडू धरून मागं उभा राहायचा आणि कुठल्या अक्षराला कुठलं बोट पडतंय ते बघायचा. पुढं झाडू दुसऱ्याच्या हातात गेला आणि वागिनो खुर्चीवर बसला. भातावरच्या किडीपासून माणसाच्या हाडांपर्यंत काय काय त्यानं टाईप केलं. त्यातलं तुला कळलं किती, असं विचारलं तर म्हणतो, "मला कळाय लागलं असतं तर टाईप कोण करणार व्हतं?"

दुकानदारानं नव्या मशिनी आणल्या तेव्हा वागिनोनं बापाला दोन शेळ्या विकायला लावल्या आणि जुन्यांतली एक घेतली. बसमध्ये कंडक्टरनं पडद्याचं वेगळं तिकीट मागितलं. वागिनोनं दिलं. मग तिकीट काढलंय म्हणून पडदा सीटवर बसवला आणि स्वतः गावाजवळच्या क्लातेनपर्यंत उभा आला. घरी बापानं मशिनीभोवती एक फेरा घातला आणि विचारलं, "शेळ्या दूध देत व्हत्या. हे काय देतंय?"

दिलं की. लग्नाच्या पत्रिका दिल्या, जमिनीचे अर्ज दिले, माणूस गेल्यावर हजाराव्या दिवशी वाटायच्या प्रार्थनेच्या पुस्तिका दिल्या. निम्मं गाव त्या मशिनीतून लग्नाला उभं राहिलं आणि बाकीचं तिच्यातूनच वर पोचलं. घराचं छप्पर, बायको पुर्यांती, आणि वागिनोला 'कांग', म्हणजे दादा, म्हणून हाक मारणारी माणसं, सगळं तिनंच आणलं.

मग गावात फोन आले. पत्रिका फोनवरच जायला लागल्या, अर्जही. वागिनोनं झेरॉक्सचं दुकान टाकलं आणि मशीन घरात विसाव्याला बसवली. तरी शुक्रवारी तो तिचं बाटिक काढायचा, चार स्क्रू सोडून वरचा पत्रा सरकवायचा, आतली कार्डं उपसून रंगाच्या ब्रशनं झटकायचा, पुन्हा बसवायचा आणि घटकाभर चालू ठेवायचा. "बसून बसून तिचं सांधं आखडतील," म्हणायचा. हे चाललं असताना धाकटी पोरगी वेनिंग शेजारी उकिडवी बसलेली असायची. पेचकस दे, ब्रश दे, स्क्रू धर. आतल्या कोपऱ्यात पालीची अंडी सापडली की ती वेनिंगची. तिसरीतली पोर, पण वायरीची कुठली पट्टी कशाला जोडतात हे तिला पाठ होतं.

थोरला पांजी मात्र वेगळ्या मुशीतला. पंधरा वर्षांचा, पायाला भिंगरी. त्याला नवा फोन घेऊन दिला होता. उन्हाळी वारा सुटला, पोरं पतंग घेऊन रानात गेली, आणि हा गडी पतंगाकडं बघत मागं मागं सरकत बांधावरून पाटात पडला. फोन खाली, पांजी वर. काचेचा चुरा.

तो दिवस सुरो महिन्याचा पहिला, म्हणजे आमच्या नव्या वर्षाचा. घरात नारळाच्या दुधातली सुरोची पेज केलेली. सगळे चटईवर बसलेले. वागिनोनं चमचा खाली ठेवला तेव्हाच पुर्यांतीनं ओळखलं की आता पुराण लागणार.

"किती दिस टिकला रं फोन?"

"बापाक, बांध निसरडा व्हता."

"बांध निसरडा न्हवता. तुझं ध्यान वर व्हतं. ती मशीन बघ. तुझ्या जन्माच्या आधीची हाय. तिचा टवका उडालाय का कुठं? का न्हाई उडाला?"

"हलवतंय कोण तिला?" पांजी पुटपुटला. "चोर आला तरी म्हणंल, राहू द्या मालक, मला कंबरदुखी हाय."

पुर्यांती पदरात हसली. वागिनो चढला.

"हसा. वस्तूला हात लावायच्या आधी हात धुवायचा. काम झालं की पुसायची, झाकायची, जाग्यावर ठेवायची. वस्तू आपली कवा व्हती? पैसं टाकल्यावर न्हाई. तिची सेवा केल्यावर." त्यानं भिंतीकडं हात केला. तिथं आज्ज्याचा ऊसतोडीचा कोयता लाकडी म्यानात टांगलेला. "हा कोयता आपल्या घरातली मानाची वस्तू. आज्ज्यानं ह्याच्यावर पोटं भरली. तशी ही मशीनबी मानाची वस्तू. मी सांगतो आजपास्नं. माझ्या माघारी तुम्ही तिला तसंच बघायचं. समजलं?"

"मग तिला आता सुरोचं नवं बाटिक नेसवा," पुर्यांती म्हणाली. "माझं जुनं मला परत द्या."

पांजी हसला, विषय संपला. वेनिंग हसली नव्हती. ती पेज ढवळत मशिनीकडं बघत होती.

आता मानाच्या वस्तूचं सुरोत काय करतात, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. कोणाकडं खंजीर, कोणाकडं भाला, कोणाकडं नुसता अडकित्ता. सुरोतल्या ज्या शुक्रवारी बाजाराचा क्लिवोन वार येतो, त्या दिवशी ती वस्तू म्यानातून काढायची, नारळाच्या पाण्यानं धुवायची, लिंबाच्या रसानं चोळायची, फुलं घातलेल्या पाण्यानं अंघोळ घालायची, तेल लावायचं, उदाचा धूर द्यायचा. सूर्य बुडायच्या आत. चुकवलं तर वर्ष वाईट जातं असं म्हणतात. वागिनोनं कोयत्याची अंघोळ कधी चुकवली नव्हती.

त्या शुक्रवारी त्याला कागदाचे गठ्ठे आणायला सोलोला जावं लागलं. दुपारपर्यंत येतो म्हणाला होता. पुर्यांती काराकची टोपली घेऊन बाजाराला गेलेली. काराक म्हणजे तिच्या हातच्या भाताच्या पापड्या, बाजारात त्यांना चांगली मागणी. पांजी शाळेत. वेनिंग शाळेतून आली, तर घरात कोणी नाही. ऊन कलायला लागलं, बापाचा पत्ता नाही.

पोर कोपऱ्यावरच्या म्बाह सागिनेमकडं गेली. म्बाह म्हणजे आजी, ती फुलं विकते. तिनं गुलाब, मोगरा, हिरवा चाफा केळीच्या पानात बांधता बांधता विचारलं, "कुणासाठी गं?"

"बापाकच्या मानाच्या वस्तूसाठी."

"शहाणी गं माझी बाय. घे, सोनचाफा वर घे."

माझं घर वागिनोच्या कुंपणाला लागून. पलीकडून पाण्याचा आवाज येत होता. मला वाटलं, पोर भांडी घासते आहे. मी आडवा झालो.

वागिनो उन्हं उतरल्यावर घामाघूम होऊन आला. दारातच त्याला फुलांचा वास आला. भिंतीवर कोयता बघितला तर लखलखीत, तेल लावलेला, म्यान पुसलेलं. छाती भरून आली गड्याची. "वेनिंग! कोयता तू धुतलास?"

"हो बापाक!" मागल्या अंगणातून आवाज आला. "इकडं या! आता नुसता ऊद राहिलाय!"

तो आत वळला आणि त्याला टेबल दिसलं. बाटिकची घडी घालून खुर्चीवर ठेवलेली. पडदा जाग्यावर, काच ओलसर. शेजारची पेटी नव्हती.

अंगणात विहिरीपाशी तांब्याचं घंगाळ मांडलेलं. घंगाळात पाणी, पाण्यावर गुलाबाच्या पाकळ्या आणि पाकळ्यांखाली मदरबोर्ड. कार्डं केळीच्या पानावर ओळीनं निथळत ठेवलेली. पेटीच्या पत्र्याला नारळाच्या पाण्याचा चिकटा. वेनिंगचे हात कोपरापर्यंत ओले, केसात मोगऱ्याची कळी अडकलेली.

"नारळ फोडाय लई येळ लागला," ती म्हणाली. "आधी वायर काढली हां मी. आन् हार्डडिस्कला अंघोळ न्हाई घातली, नुसती पुसली. तुम्ही म्हणला व्हता ना, ते मशिनीचं डोकं हाय. थोरल्यांच्या डोक्याला लहानांनी हात लावू नाही."

वागिनो विहिरीच्या कठड्यावर टेकला.   जोग्याच्या दुकानातली खुर्ची, बसची सीट, शेळ्या, बाप, सगळं त्या घंगाळात तरंगताना त्याला दिसलं असावं.

तेवढ्यात पांजी आला. त्यानं घंगाळ बघितलं आणि कपाळावर हात मारून बोंबलला, "मारली! आयला, बापाकची मशीन मारली हिनं! पाण्यात बुडवून मारली!"

वेनिंग आधी हसली. मग तिनं बापाच्या तोंडाकडं बघितलं. मग तिनं आपले ओले हात हळूच पाठीमागं नेले.

वागिनो तिला एका शब्दानं बोलला नाही. हे मी कुंपणावरून डोळ्यांनी बघितलं आहे. उलट भानावर आल्यावर तो म्हणाला, "न्हाई बाय, ठीक हाय, तुझी काय चूक न्हाई." पण त्याचा आवाज फाटका होता, आणि पोरं शब्द ऐकत नाहीत, आवाज ऐकतात.

मोटारसायकली दुरुस्त करणारा दार्मो धावत आला. बॅटरीत घालतात त्या पाण्याचे दोन डबे त्यानं आणले. "कांग, पाण्यानं मरत न्हाई ती," तो म्हणाला. "पाणी आन् करंट एकत्र आलं तर मरती. पोरीनं वायर काढली म्हणतोस ना? मग आशा हाय. नारळ आन् लिंबू तेवढं धुऊन काढू. ऱ्हायलं तर खाईल ते तांब्याला." दोघांनी दात घासायच्या ब्रशनं एकेक कार्ड धुतलं. खाचांतून पाकळ्या काढल्या. मग वाळवायचं कुठं? सगळ्या अंगणात पुर्यांतीच्या बांबूच्या परड्या मांडलेल्या, त्यांत काराक वाळत घातलेला. दोन परड्या रिकाम्या करून त्यांत मशीन वाळत घातली.

"बरं झालं," पुर्यांती बाजारातून येऊन सगळं ऐकल्यावर कमरेवर हात ठेवून म्हणाली. "आता चुकून तुमचा एखादा हिरवा तुकडा माझ्या गिऱ्हाइकाच्या पिशवीत जायचा. ती तळंल, आन् मला येऊन सांगंल, पुर्यांती, ह्या खेपेचा काराक फुललाच न्हाई."

वागिनो कसनुसा हसला. वेनिंग हसली नाही.

आणि खरी गोष्ट तिथून पुढं सुरू झाली. ऊन कडक होतं, मशीन वाळत होती. पण पोरगी काही म्हणजे काही हातात घेईना. पापड्यांवर कोंबड्या येऊ नयेत म्हणून तिची एक बांबूची काठी होती, रोज संध्याकाळी ती काठी घेऊन राजासारखी बसायची. आता ती मागच्या पायरीवर हात मांड्यांखाली दाबून बसायची आणि नुसत्या तोंडानं "हुश् हुश्" करायची. कोंबड्या काय ऐकतात? सायकल भिंतीला टेकवून ठेवली आणि शाळेला चालत जायला लागली. जेवताना आईला म्हणायची, "बू, तू वाढ. ताट फुटंल." पाण्याचा पेला दोन्ही हातांत धरायची, तोही आईनं दिला तर. एकदा मी तिला कुंपणावरून पेरू देऊ केला. ती म्हणाली, "खाली ठेवा." मी गेल्यावर तिनं तो उचलला का नाही, कुणास ठाऊक.

पुर्यांती एका दुपारी नवऱ्याला म्हणाली, आणि या वेळी चेष्टा नव्हती, "मशीन गेली तर गेली. मला तिचं काय पडलं न्हाई. पण कुणी मारलं न्हाई, कुणी रागं भरलं न्हाई, तरी माझ्या पोरीचं हात गेलं. ते कुठल्या उन्हात वाळवणार तुम्ही?"

 वागिनोनं उपाय करून बघितले. "वेनिंग, पेचकस दे गं." "पांजीला सांगा." "वेनिंग, जरा ह्या कार्डाला बघ, धूळ बसली का?" ती लांबूनच मान वाकडी करून बघायची. "न्हाई बसली." त्यात एक नवीनच घोर लागला. स्क्रू सापडेनात. पेटीचे, कार्डांचे, एकूण एक स्क्रू गायब. वागिनोनं विहिरीभोवतालची माती चाळली, फुलांचं पाणी ओतलं होतं ती केळीची आळी उकरली. पोरीला विचारायची त्याची छाती होईना. अजून एक ओझं तिच्यावर कशाला?

दुसऱ्या रविवारी गावानं पाट उपसायला काढला होता. सकाळभर चिखल काढून झाल्यावर आम्ही चार-सहा बापे वागिनोच्या अंगणात हातपाय धुवायला शिरलो. धुऊन झालं तरी कोणी हललं नाही, कारण पुर्यांतीनं गोड चहाची किटली आणि तळलेला काराक पुढं ठेवला. परडीतली मशीन बघून जो तो आपापल्या जमान्यात गेला.

"त्या वेळंला शाळेच्या कॉम्प्युटरच्या खोलीत जाताना चपला काढाय लावायचे," कुणीतरी म्हणालं. "मशिदीत जाताना काढतो तशा."

"काढाय लावायचे न्हवं, बाहेर येऊस्तर चपला बदललेल्या असायच्या," दार्मो म्हणाला. "मी नवी घालून जायचो आन् फाटकी घालून यायचो. माझं कॉम्प्युटरचं शिक्षान तेवढ्यावरच थांबलं. माझी आई म्हणली, ही विद्या परवडत न्हाई."

सगळे खो खो हसले. पायरीवर वेनिंग हात मांड्यांखाली घालून बसली होती. कोंबडी परडीकडं चालली होती. "हुश्," ती म्हणाली. कोंबडीनं तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. मीच उठून हाकलली.

"आन् माझ्या लग्नाची पत्रिका आठवती का कांग?" दार्मो वागिनोला म्हणाला. "तू फ्लॉपी दिलीस, म्हणलास, जपून ठेव, पुढं बारशाच्या येळंला ह्याच्यातच नाव बदलू. आता आमच्या घरात सगळ्यात जपणुकीची जागा कुठली? तांदळाचा रांजण. आईचं सोनं त्यात, जमिनीचा कागद त्यात. मी फ्लॉपी त्यात पुरली. पोरगं झालं तवा काढून ह्याला नेऊन दिली. ह्यानं मशिनीत घातली, तर कर्र कर्र कर्र! आतनं कोंडा आन् टोके बाहेर!"

"तीन दाणे अजून निघायचे राहिलेत," वागिनो म्हणाला. पुष्कळ दिवसांनी त्याच्या तोंडावर नीट हसू आलं.

हारतोयो गुरुजीही आमच्यात होते. रिटायर होऊन त्यांना बरीच वर्षं झाली. चहा बशीत ओतून फुंकर घालत ते म्हणाले, "तुमच्या मशिनींनी निदान संसार तरी केला. आमच्या जुन्या शाळेला एक कॉम्प्युटर आला होता. डोंगराकडच्या. मी तिथं नवा होतो. हेडमास्तरांनी त्याच्यासाठी काचेचं कपाट करून घेतलं. वर मखमल. कुलपाची किल्ली स्वतःच्या कनवटीला. कोणी पाव्हणा आला की लांबून दाखवायचे. मुलांनी बघायचं, हात लावायचा नाही. मास्तरांनीही नाही. किती वर्षं गेली असतील! मग त्यांची बदली झाली, किल्ली माझ्याकडं आली. मी मोठ्या हौसेनं मुलांना गोळा केलं आणि कपाट उघडलं."

"मग?" आम्ही विचारलं.

"मखमल उचलली आणि खाली भुसा. वाळवीनं खालून खोका खाल्लेला, वायरीचं रबर उंदरांनी खाल्लेलं, आत मुंग्यांचं वारूळ. मेलेला होता. एकदाही चालू न होता मेला बिचारा."

कोणी हसलं, कोणी चुकचुकलं. पायरीवरून बारीक आवाज आला.

"गुरुजी, कुणी हात न लावताच मेला?"

सगळे वळले. एवढ्या दिवसांत पोर मशिनीबद्दल आपण होऊन पहिल्यांदा बोलली होती.

"कोणी बोटसुद्धा लावलं नव्हतं," गुरुजी म्हणाले. "म्हणून तर मेला."

वेनिंगनं थोडा विचार केला. तिचं लक्ष बापाच्या समोरच्या परडीकडं होतं. "मग आपली मशीन पेटीत घालायची तर..." ती थांबली. "बापाक, तुम्ही स्क्रू शोधताय का?"

वागिनोनं जपून मान हलवली. एखादा पक्षी हाताजवळ आल्यावर माणूस हलवतो तशी.

"ते मी तांदळात ठेवलेत. हरवू नाही म्हणून."

दार्मोनं मांडीवर थाप मारली. "बघा! ही शानी माझ्या वळणावर गेलीय!" अंगणात असा हशा उठला की कोंबड्या कुंपणाबाहेर पळाल्या. पुर्यांती दारातून ओरडली, "तांदळात? आवं, मी रोज त्यातनं भात रांधतीय! एखादा गिळला असंल कुणी!"

"पांजीनं गिळला असंल," वागिनो म्हणाला. "त्याचा एक ढिला हायच."

पोर हसली. हसली आणि लगेच तोंड मिटलं, पण हसलेलं आम्ही सगळ्यांनी बघितलं होतं.

"जा, काढून आण," वागिनो अगदी सहज म्हणाला आणि तिच्याकडं पाठ करून कार्डं पुसायला लागला. पांजी उठायला लागला तसा पुर्यांतीनं त्याच्या सदऱ्याला धरून त्याला खाली बसवलं.

वेनिंग आत गेली. रांजण माजघरात, दारातून दिसतो. ती रांजणापुढं उभी राहिली. झाकण लाकडी, जड. पाठीमागं बांधलेले हात सुटेनात. इकडं कोणी चहा पिईना. मग तिनं झाकण बाजूला सारलं, फ्रॉकला दोन्ही हात पुसले आणि कोपरापर्यंत हात तांदळात घातले. चाचपत राहिली. एकेक स्क्रू मुठीत यायला लागला. बाहेर आली तेव्हा कोपरापर्यंत पांढरी झालेली, मूठ घट्ट.

"सगळे हायेत. लांबडे पेटीचे, आखूड कार्डांचे. मी मोजलेत."

"मग लाव," वागिनो म्हणाला. "माझा चष्मा दुकानात राहिलाय."

हे खरं होतं. गड्याला आता जवळचं दिसतच नाही.

पोरीनं मशीन जोडली. बाप पत्रा धरायचा, ती स्क्रू आवळायची. मधेच त्याचं बोट आडवं आलं तर म्हणायची, "बापाक, जरा सरका." पट्ट्या कुठल्या बाजूनं जातात त्यासाठी तिनं अंघोळीच्या वेळी मोगऱ्याचा दोरा बांधून खूण ठेवली होती. वाळलेला दोरा तसाच होता. मशीन टेबलावर गेली, पडदा जोडला, की-बोर्ड जोडला. आम्ही ओल्या पायांनी मधल्या खोलीत दाटीवाटीनं उभे राहिलो. पुर्यांतीनं कुणाला पाय पुसायला लावले नाहीत, यावरून ओळखा.

वायर खोचायच्या आधी दार्मोनं पत्र्याला हात लावून बघितलं. "कोरडी हाय. पण मागं सरा सगळे."

वागिनो वेनिंगकडं वळला. तो वाकला, म्हणजे तोंडासमोर तोंड आलं. "ऐक. पेटली तर पेटली. न्हाई पेटली तर हिच्या पेटीत म्हसरांची पेंड भरू. तुझ्यापरीस मोठी न्हाई ती. दाब."

"तुम्ही दाबा."

"तू अंघोळ घातलीस. तूच उठव."

तिनं बोट पुढं केलं, मागं घेतलं, पुन्हा पुढं केलं आणि दाबलं.

काही नाही.

मग आत कुठंतरी खरखर झाली. पंखा अडकला होता. खरखर, खरखर, आणि फट् करून मागच्या जाळीतून काहीतरी उडून पांजीच्या गालाला चिकटलं. गुलाबाची वाळकी पाकळी. पंखा सुटला, मशिनीनं लांब श्वास घेतल्यासारखा आवाज केला, एकदा टुक केलं, आणि पडद्यावर हिरवे आकडे पळायला लागले.

वागिनो खुर्चीवर बसला. बसला म्हणजे पडलाच. दार्मो ओरडला, गुरुजी ओरडले, मीही ओरडलो असेन. पुर्यांतीनं मात्र मशिनीकडं बघितलंही नाही. ती पोरीच्या हातांकडं बघत होती.

आकडे थांबले. एक ओळ आली आणि मशीन तिथंच अडली.

"काय म्हणती?" वेनिंगनं विचारलं.

वागिनोनं डोळे बारीक केले. "अंघोळीत तिचं घड्याळ गेलंय. म्हणती, आज कुठला दिस, मला आठवत न्हाई."

"रविवार वागे. तुमचाच वार."

"तिला बाजाराचे वार ठावं न्हाईत. इंग्रजी तारीख सांग. टाईप कर."

बापानं खुर्ची सोडली, तिनं तिच्यावर बसून की-बोर्डावर एकेक आकडा शोधला. बाप मागं उभा राहून बोटं कुठं पडतात ते बघत होता. पांजी गालावरची पाकळी काढून पडद्याला हात लावायला पुढं झाला, तशी ही खेकसली, "हात धुतलेस का? चिखलाचा हात लावू नको!"

"आली बघा मालकीण," पांजी म्हणाला. "म्हंजे आता मला फोन मिळणार का न्हाई?"

"मिळंल," वागिनो म्हणाला. "पण आधी ऐक. वस्तू म्हंजे..." आणि तो थांबला. सगळे वाट बघत होते. त्यानं हात झटकला. "जाऊ दे. पतंग उडवताना खिशात ठेवू नको, एवढंच."

बाहेर कोंबड्या परत आल्या होत्या. पुर्यांती ओरडली, "माझा काराक! खाल्ला मेल्यांनी!" वेनिंग खुर्चीवरून उतरली, कोपऱ्यातली काठी उचलली आणि अंगणात धावली. कोंबड्यांनी काठी बघितली आणि त्यांना एवढ्या दिवसांचा हिशोब एकदम कळला असावा. कुंपणावरून उडत त्या माझ्या अंगणात आल्या. मी त्यांना येऊ दिलं.

पुढचे कितीतरी शुक्रवार मशीन तापली की तिच्यातून मोगरा आणि लिंबाचा वास यायचा. वागिनो म्हणतो, वस्तूला मान दिल्यावर असं होतं. पुर्यांती म्हणते, नारळ नीट धुतला नाही म्हणून मुंग्या लागतात. दोघांचंही खरं आहे. मुंग्या लागतात.